फुफाजींचा दट्ट्या

रुंदी असलेली वस्तू समोर यावी आणि माझ्या फुफाजींनी ती मोजल्याशिवाय सोडावी, असं कधी झालं नाही. फुफाजी म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. गोंदियाहून सकाळी बैलगाडी जुंपली की जेवणवेळेला पोचावं, अशा गावात त्यांची धानाची शेती होती. कमरेला सुतळी कायम खोचलेली. कुणी पाण्याचा लोटा पुढे केला की आधी त्याच्या पोटाभोवती सुतळी फिरवायची, तेवढ्या सुतळीच्या तीन घड्या घालायच्या, एका घडीतून थोडं वजा करायचं, "तुमचा लोटा आमच्याहून बोटभर रुंद आहे," असं यजमानाला कळवायचं आणि मग घोट घ्यायचा. नागऱ्याच्या महादेवाला शिवरात्रीच्या गर्दीत त्यांनी एका बेलाच्या बुंध्याला सुतळी गुंडाळली. मागच्या बायांना वाटलं, नवस असेल. त्यांनीही भराभर दोरे बांधले. फुफाजी सुतळी सोडू लागले तशी एक म्हातारी खेकसली, "नवस फेडाच्या आधीच सोडून राहिला काऊन रे?" आत्या तर सगळ्यांना सांगायची, "लोकं पोरगी पाहाले येतात. हे आले अन् आमच्या दाराची रुंदी घेऊन गेले!"

आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि माझ्या शिक्षणाचा सर्वांत जास्त आनंद फुफाजींनाच. वर्तुळाची रुंदी सात असली तर घेर बावीस येतो, हे मी त्यांना सांगितलं, तेव्हा ते उठून धान साठवायची गोल ढोली मोजून आले. परत आले ते चकित होऊन. "बापू, पुस्तक लिहिणाऱ्याले माझ्या ढोलीचं कसं समजलं?"

एका उन्हाळ्यात गावतलावाच्या मोरीचा, म्हणजे बांधाखालून शेतांकडे पाणी सोडायच्या वाटेचा, लाकडी दट्ट्या कुजला. त्या वर्षी तलाव पार आटलेला होता, म्हणून फुफाजींनी मोरीचं तोंड नीट मोजलं आणि नवा दट्ट्या स्वतः घडवला. सगळे म्हणाले, निमुळता करा. "भोक आरपार सारखं रुंद. मग दट्ट्या निमुळता कायले?" दट्ट्या ठोकून बसवला. पावसाळाभर एक थेंब गळला नाही. फुफाजी तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, छाती काढून चालत.

दसऱ्याच्या सुट्टीत मी गेलो तेव्हा पाऊस थांबून बरेच दिवस झाले होते. धान लोंबीवर आलेला, बांध्यांना, म्हणजे धानाच्या खाचरांना, भेगा पडू लागलेल्या. पाणी सोडायला दट्ट्या ओढला, तर तो हलेना. लाकूड पाणी पिऊन फुगलं होतं. गडीमाणसांनी दोर लावला. दट्ट्याचा दांडाच मोडून हातात आला. पाळीच्या एका अंगाला पुरुषभर पाणी, दुसऱ्या अंगाला साऱ्या गावाचा धान वाळतोय. पाटील ओरडला, "घ्या, आता मोजा! एक लोंबी भरली नाही तर पोराबाळांले काय सुतळी खाऊ घालू?"

 फुफाजी गावात गेले, सुताराचं गिरमिट मागून आणलं आणि पाळीच्या खालच्या बाजूने कोरड्या मोरीत सरपटत शिरले. मी बाहेर बसून लाकडाची करकर ऐकत होतो. एकाएकी आतून शिवी ऐकू आली, पाठोपाठ पाण्याची धार. मग दुसरं भोक, तिसरं. चिखलाने माखलेले फुफाजी पाय आधी असे बाहेर निघाले आणि त्यांच्या मागून पाणी बांध्यांकडे धावलं.

"लाकूडही वाढते, बापू," ते धापा टाकत म्हणाले. "त्याले जागा ठेवा लागते. म्याच ठेवली नाही."

पुढचा दट्ट्या त्यांनी निमुळता केला, तोही थोडा सैल. त्याच्या कडेने पाणी झिरपे. पाटलाने नाक मुरडलं तर म्हणाले, "झिरपू दे. निघते तर खरा."

फुफाजी जाऊन आता काही वर्षं झाली. त्या मोरीखाली भर उन्हाळ्यातही हातभर हिरवं गवत असतं, आणि गावातली वासरं तिथे आपणहून जातात.