विठूच्या बेसवर कंप्रेसर

पोशीरच्या विठूनं जन्मभर बेस गिटार वाजवली ती टेंपोत बसून. वरातीत बँजोवाल्यांना उभं राहायला जागा नसते, तिथं खुर्ची कोण देतो? म्हणून विठू आपल्या स्पीकरच्या बॉक्सवरच बसायचा, मान गिटारीत घालून. शेजारी कीबोर्डवर नेरळचा हरेश. सत्तावीस वर्षं अशी काढली दोघांनी.

मग गावोगाव डीजे आले आणि बँजोचं दुकान बसलं. हरेशनं भाड्याच्या खोलीत कॉम्प्युटर मांडला आणि हळदीची गाणी रेकॉर्ड करायला लागला. गेल्या दिवाळीत विठू त्याच्याकडे आला. म्हणाला, "आमच्या रुचिताच्या हळदीला माझं एक गाणं लाव रं. मी वाजवलेलं." मी तर असणारच की वाजवायला, असं तो म्हणाला नाही. पोरीचं लग्न तेव्हा ठरलंही नव्हतं. हरेशला वाटलं, बापाची हौस. आता सांगा, एवढ्यावरून माणसाला कळू नये?

गिटार थेट कॉम्प्युटरला जोडू म्हटलं तर विठू ऐकेना. त्याला आवाजाला त्याचाच बॉक्स हवा आणि बसायलाही तोच. शेवटी हरेशनं बॉक्ससमोर माईक ठेवला, हेडफोन चढवला आणि पडद्याकडे तोंड करून बसला. विठूचा एक ठोका दणकट पडे, पुढचा अगदीच मऊ. "हात का ढिला पडतो रं? पुन्यांदा घे," हरेश म्हणायचा. विठू पाणी प्यायचा, कसनुसा हसायचा आणि घ्यायचा. सात वेळा घ्यायला लावलं त्याला. चैत्रात विठू गेला. फुप्फुसं केव्हाचीच निकामी झाली होती म्हणे.

वर्षाच्या आत रुचिताचं लग्न उरकायचं ठरलं. हळद दोन दिवसांवर आली तेव्हा हरेश एका दुपारी ते गाणं तयार करायला बसला. ढोल-ताशाखाली विठूचे मऊ ठोके ऐकूच येत नव्हते. मांडवात पोरीला बाप ऐकू यायला हवा, तर बेसवर कंप्रेसर लावणं आलं. कंप्रेसर म्हणजे काय, तर मोठे ठोके दाबायचे आणि मग सगळंच वर उचलायचं. हरेशनं मोठे ठोके दाबले, वर उचललं आणि बेस एकटा लावून ऐकला.

ठोके छान सारखे झाले होते. पण मधल्या जागेत आणखी काहीतरी वर आलं होतं. घरघर. आत ओढलेला अर्धा श्वास, मग शिट्टीसारखा बारीक आवाज, मग पुढचा ठोका. आधी त्याला वाटलं, वायर खराब आहे. मग पाण्याचा तांब्या ठेवल्याचा आवाज आला, आणि त्यानं बेस तिथंच थांबवला.

त्यानं ठोक्यांमधल्या फटी कापून बघितल्या. पण जिथं विठूचा हात हळू, तिथंच त्याला दम जास्त लागलेला. श्वास कापला की ठोकाही जायचा. मेल्या, त्याच्यापासून दोन हातांवर बसला होतास तू, तो स्वतःलाच म्हणत राहिला. शेवटी त्यानं बेस कीबोर्डवर स्वतः वाजवला, गाणं पेन ड्राइव्हमध्ये भरलं आणि विठूचा बंद करून ठेवला.

दुसऱ्या दिवशी रुचिता गाणं न्यायला आली. हेडफोन लावून तिनं अर्धं कडवं ऐकलं.

"काका, हे बाबांचं नाय."

हरेशला खोटं रेटता आलं नाही. त्यानं विठूचा बेस लावला आणि खिडकीशी जाऊन उभा राहिला. ती शेवटपर्यंत ऐकत बसली.

"बाबांचा दम," ती म्हणाली. "घरात वर्षभर हाच आवाज होता. आई याच्यावरच जागी असायची."

"मग मला कुणी सांगितलं का नाय गं?"

"बाबांनी सांगू दिलं नाय. म्हणले, हरेशला कळलं तर तो रेकॉर्डिंग बंद करंल." तिनं डोळे पुसले. तिच्या बोलण्यात राग नव्हता, नुसतं नवल होतं. "पण काका, तुमी तर शेजारीच बसलेले. तुमाला आत्ता ऐकू आला?"

हरेशनं पेन ड्राइव्हमधलं आपलं गाणं पुसलं. तिनं विठूचंच गाणं भरून नेलं.

हळदीला बॉक्स कानठळ्या बसतील असे वाजत होते. त्यात घरघर कुणाला ऐकू येणार? रुचिता पाटावर हळद लावून बसली होती, गाव नाचत होतं, विठूची बायको मोतीबाई एका कोपऱ्यात पदर तोंडाशी धरून होती. हरेशला मात्र प्रत्येक दोन ठोक्यांच्या मध्ये तेवढंच ऐकू येत होतं. कधी एकदा गाणं संपतंय असं त्याला झालं होतं.

गाणं संपलं. नाचणाऱ्या पोरांनी डीजेवाल्याला हात केला, "पुन्यांदा लाव रं."

त्यानं पुन्हा लावलं. हरेश मांडवाबाहेर पडला आणि आवाज मागं पडेपर्यंत नेरळच्या रस्त्यानं चालत राहिला.