रूपलीबाईंच्या पोटातले जंतू

अक्कलकुव्याच्या बाजारात रूपलीबाईंचा आमचूर चटकन ओळखू येतो. पांढरा, कोरडा, एकही काळी फोड नसलेला. आमचूर विकता विकताच त्या मराठी शिकल्या. घरी भिली, बाजारात मराठी. भाव करताना त्या कुणाला ऐकत नाहीत. शाळेतली मराठी कानावर पडली, की मात्र थोड्या अडतात.

आमच्या प्रयोगशाळेने डोंगरातल्या आणि शहरातल्या माणसांच्या आतड्यांतल्या सूक्ष्मजीवांची तुलना केली. त्यासाठी शौचाचे नमुने मागितले, तेव्हा रूपलीबाईंचा अख्खा पाडा हसत सुटला होता. पहिली डबी आणून दिली रूपलीबाईंनीच. पुढे निष्कर्ष सांगायला आमचे सर गेले. त्यांनी रूपलीबाईंना बाजूला बसवून कौतुकाने सांगितलं, "तुमच्या पोटात सगळ्यांत जास्त प्रकारचे जंतू आहेत."

रूपलीबाईंनी ऐकलं 'जंत'. अंगणवाडीत पोरांना जंताची गोळी देतात, त्यामुळे तो शब्द त्यांच्या चांगलाच ओळखीचा.

त्या दिवसापासून त्यांनी नातीला हात लावला नाही. नात नुकतीच खायला लागली होती आणि उडदाच्या डाळीत कुस्करलेली भाकर ती आजीच्याच बोटांनी खायची. आता आजी अंगणात वेगळी जेवू लागली.

मी पाड्यावर गेले, तेव्हा त्यांची सून निशा वाटेतच भेटली. "ताई, तुमचे सर काय बोलून गेले? सासू रुसून बसलीय. पोरगी दुसऱ्या कुणाच्या हातचं खात नाही."

मी रूपलीबाईंजवळ जाऊन बसले. त्या हळूच म्हणाल्या, "सगळ्यांत जास्त जंत माझ्याच पोटात. आणि याच हातानं पोरीला भरवलं. गोळी आणलीस का?"

"जंत नाहीत हो, जंतू. डोळ्यांना दिसतही नाहीत. अन्न पचवायला मदत करतात." त्यांच्या कपाळावरची आठी गेली नाही. त्या ऊसतोडीसाठी कळसाडी गावी गेल्या होत्या, ते मला आठवलं. "कळसाडीला शेतात काय असायचं?"

"ऊस. दुसरं काय?"

"आणि तुमच्या शेतात?"

"मका, उडीद, तूर, भगर. मधेच वाळकं."

"शहरातली पोटं बरीचशी त्या उसाच्या शेतासारखी, एकाच पिकाची. तेच ते पाकिटातलं खाणं, वरचेवर अँटिबायोटिक. तुमच्याकडे रानभाज्या, डाळी, गुरं, माती. म्हणून जंतूंचे प्रकार जास्त. यातल्या कशाने किती फरक पडतो, ते आम्हीही अजून शोधतोय."

"म्हणजे रोग नाही?"

"नाही."

"मग भरवू?"

"भरवा की. हात मात्र धुवा."

"हात? राखेनं घासून घासून सालटं निघाली, पोरी."

निशा हसू दाबत म्हणाली, "आम्हाला वाटलं, तुम्ही रुसलात."

"रुसायला मला वेळ कुठंय? भाकर आण."

नातीने पहिला घास गिळला. दुसऱ्या घासाला तिने आजीचं बोटच धरून चावलं. रूपलीबाईंनी ते सोडवून घेतलं नाही.