लाईट नसतानाची कॅसेट

बिरूभाऊ लाईनमन खांबावर चढण्याआधी त्याला पकडीने एक टिचकी मारत आणि कान लावून ऐकत. मी महाळुंगे पडवळला पोस्टमास्तर म्हणून नवाच आलो होतो. पोस्टासमोरच्या खांबावर हा प्रकार पाहिला तेव्हा मला वाटलं, ही खात्याची काहीतरी तपासणी असावी. ते खाली उतरल्यावर विचारलं, तर गंभीरपणे म्हणाले, "मास्तर, ह्यो खांब काळी चारच्या सुरात हाय. खोटं वाटत आसंल तर घरी या."

घरी गेलो. त्यांनी पलंगाखालून गिटार काढली आणि एक तार छेडली. खांब खरंच काळी चारमध्ये होता की नाही हे कळण्याइतका माझा कान तयार नव्हता, पण मी मान डोलावली. तेवढ्यावर आमची दोस्ती पंधरा वर्षं टिकली.

गिटार आली कुठून, तर पुण्यात ट्रेनिंगला असताना त्यांच्या खोलीत राहणाऱ्या एका मित्राचं लग्न ठरलं आणि त्याने ती टाकून दिली. बिरूभाऊंचं लग्न आधीच झालेलं होतं, त्यामुळे त्यांना धोका नव्हता. शिकवायला कोणी नाही, म्हणून ते आपले आपणच शिकले. गाणी येत नव्हती, म्हणून स्वतःच्या धुना रचल्या आणि त्यांना नावंही आपल्या रोजच्या जाण्यायेण्यातली दिली. एकीचं नाव 'डिंभ्याचा उतार', एकीचं 'फ्यूज गेला', एकीचं 'ओझरची यष्टी'. एकदा तार तुटली तेव्हा सायकलच्या ब्रेकच्या वायरमधला एक पदर काढून बसवला. त्या तारेचा आवाज जरा ब्रेक दाबल्यासारखाच यायचा, पण हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

गावाला या वादनाचं कौतुक होतं, पण समज थोडी वेगळी होती. शेजारचा गिरणीवाला तुकाराम अर्धा तास मन लावून ऐकायचा आणि उठताना म्हणायचा, "भाऊ, तारा लई झ्याक जुळवता राव. आता गाणं कधी सुरू व्हणार?" बिरूभाऊ त्यावर रागावत नसत. "व्हईल, व्हईल. लोड वाढला की आपोआप सुरू व्हतंय," म्हणत.

फार पूर्वी एका खांबावर त्यांचा डावा हात भाजला होता. जखम भरली, पण कातडी ओढत गेली आणि करंगळीशेजारचं बोट वर्षावर्षाने आत वळत चाललं. पक्कड नीट धरता येईना. ऑपरेशन केलं नाही तर खांबावर चढायचं काम काढून घेणार, असं खात्याच्या साहेबांनी सांगितलं. मंचरच्या डॉक्टरांनी सांगितलं, बोट सरळ करून देतो, पण पुन्हा वाकणार नाही. खांबासाठी ते बोट सरळ हवं होतं आणि गिटारीसाठी वाकडं. पोट खांबावर होतं. माघी गणपती झाला की ऑपरेशन, असं ठरलं.

त्या दिवशी ते पोस्टात आले आणि तिकिटांच्या टेबलाशी उभं राहून म्हणाले, "मास्तर, माज्या दहा धुना हायेत. बोट सरळ झालं की त्या कुणालाच यायच्या न्हाईत. तुमच्या टेपात भरायच्या का?" त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, पण माझ्याकडे न बघता ते तिकिटांवर मारायचा शिक्का चाळवत होते. मला फार वाईट वाटलं. मी लगेच हो म्हणालो आणि त्या क्षणापासून स्वतःला मोठा रेकॉर्डिस्ट समजू लागलो.

आमचा स्टुडिओ म्हणजे त्यांची मागची खोली. आवाज घुमतो म्हणून त्यांनी वडलांच्या सगळ्या घोंगड्या काढून चारी भिंतींना ठोकल्या. त्यांचे वडील मेंढरं घेऊन हिवाळ्यात कोकणात उतरायचे. कळप विकून वीस वर्षं झाली होती, तरी घोंगड्यांना वास होता. "मेंढरं गेली, पर वास काय जात न्हाई," असं म्हणत सखूवहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, दार बाहेरून ओढून घेतलं. आत आम्ही दोघं घामाघूम. चिमट्याने खुंटीला लटकवलेला माइक मधे डोलत होता.

आवाजाची खरी अडचण गिरणीची होती. ती भिंतीला भिंत लागूनच. शिवाय विहिरींवरच्या मोटारी, घरोघरचे टीव्ही. त्या वर्षी लोडशेडिंग चालू होतं, दुपारी साडेबारा ते साडेतीन. त्या वेळात सगळं गाव गप्प असायचं. टेप सेलवर चालवायचा, असा बेत मी आखला आणि स्वतःच्या डोक्यावर बेहद्द खूश झालो. लाईट नसताना लोक कोणाच्या दारात येतात, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

पहिली धून रंगात आली आणि दार वाजलं. "भाऊ, लाईट कधी येणार?"

बिरूभाऊंनी गिटार थांबवली. "साडेतीनला. न्हाई आली तर मी हाय."

पाच मिनिटांनी दुसरा. मग तिसरा. त्या दुपारी अकरा जण येऊन गेले. मी म्हटलं, उत्तर देऊ नका. तर म्हणाले, "मास्तर, घरात आंधार आसल्याला माणूस इचारणारच. त्याला गप बसवू नये."

दुसऱ्या दिवशी मी पाटीवर 'लाईट साडेतीनला येईल' असं लिहून ती दाराला लावली. लोक पाटी वाचायचे आणि दार वाजवून विचारायचे, "भाऊ, पाटीवर लिवलंय ते खरं का?"

अशाने एकेका धुनेला दोन-तीन दुपारी लागल्या. सेल संपत आले की आम्ही ते पत्र्यावर उन्हात तापवायचो. तशा थकलेल्या सेलवर टेप हळू फिरला आणि 'डिंभ्याचा उतार' नंतर घरच्या लाईटवर वाजवला तर गाडीचे ब्रेक फेल झाल्यासारखा सुसाट निघाला. बिरूभाऊंना तो तसाच आवडला. पण रोज वाजवून बोट आणखीच आखडत चाललं होतं, हे मला समोर बसून दिसत होतं. एक धून झाली की ते उजव्या हाताने ते उलगडायचे आणि पुढची लावायचे.

नऊ झाल्या. दहावी राहिली, 'मेंढरं घरी आली'. वडील कोकणातून परतायचे तेव्हा लांबून घंटांचा आवाज आधी यायचा, त्याची ही धून. सगळ्यात अवघड, आणि सगळी त्याच बोटावर. दुसऱ्या दिवशी सकाळी मंचरला ॲडमिट व्हायचं होतं. आम्ही साडेबाराला तयारीने बसलो. लाईट गेलीच नाही.

एक वाजला, दीड वाजला. गिरणी जोरात. तुकारामाकडे दळणाची रांग लागलेली. शेवटी मी म्हणालो, "बिरूभाऊ, डीपीची पेटी कोपऱ्यावरच आहे. अर्ध्या तासासाठी फ्यूज काढा. कोणाला कळणार नाही. रोज जातेच की."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, पण मला खाली बघावं लागलं. "लाईट आपली न्हाई मास्तर. आपण निस्ती पोचवतो." मग गिटार मांडीवर घेतली. "गिरणीसकट भरा."

आणि त्यांनी गिरणीच्या पट्ट्याच्या ठेक्यावर वाजवायला सुरुवात केली. मला सुरांतलं कळत नाही, पण घोंगड्यांच्या त्या खोलीत मला घंटा ऐकू आल्या. लाईट असल्यामुळे दाराशी कोणी येत नव्हतं. धून अर्ध्यावर गेली आणि दार वाजलंच.

"भाऊ, आमची एक फेज गेली. मोटर जळंल."

मी हाताने खुणा केल्या, पाच मिनिटं, फक्त पाच मिनिटं. पण ते उठले होते. गिटार पलंगावर ठेवली आणि म्हणाले, "आलो, थांब." सायकलवर बसून गेलेही. टेप बंद करायचं भान मला राहिलं नाही.

ते परतले तेव्हा दिवस कलला होता. हात सुजला होता. गिटार घेतली, बोट तारेवर ठेवून पाहिलं आणि परत पलंगाखाली सारली. "नऊ म्हंजी लई झाल्या," म्हणाले.

बोट सरळ झालं. "आता सायबाला वाट दाखवायला बरं," म्हणून ते त्याची चेष्टा करत. कॅसेटच्या चार प्रती काढल्या. त्यातली एक मंचरच्या जीपवाल्याने महिनाभर लावली आणि उतरताना पॅसेंजर विचारायचे, गाणं कधी सुरू होणार. बिरूभाऊ मात्र ती कधीच ऐकत नसत.

रिटायर झाल्यावर दोन वर्षांनी ते झोपेतच गेले. तेराव्याला दुपारी माणसं जेवून अंगणात बसली होती. सखूवहिनी मला म्हणाल्या, "मास्तर, ती लावा." मी टेप ओट्यावर ठेवला. नऊ धुना झाल्या. मग गिरणीचा ठेका आला आणि त्यावर घंटा. तुकाराम म्हातारा झाला होता, आपल्याच गिरणीचा आवाज ऐकून तो ताठ बसला. मग दाराचा आवाज, आणि बिरूभाऊंचा.

"आलो, थांब."

पुढे नुसतीच गिरणी चालू होती. पुढे काही नाही हे मला माहीत होतं, म्हणून मी टेप बंद करायला हात पुढे केला.

"राहू द्या," वहिनी म्हणाल्या. "येतो म्हनलेत ना."

कॅसेट संपेपर्यंत आम्ही सगळे तसेच बसून राहिलो.