गाडी कुठं सोडायची

नात सकाळपासून मोबाईलवर जागा शोधते आहे. परदेशात जहाजातून पलीकडं जायचं, घरासारख्या गाडीतच राहायचं, पण ती उभी कुठं करायची तेच ठरत नाही. एका ठिकाणी ऊन, दुसरीकडं गर्दी. ऐकूनच वैताग आला.

मामंजींचंही असंच. माझ्या लग्नाच्या पहिल्या वर्षी जत्रेसाठी बैलगाडीसकट नावेनं गोदावरी ओलांडली. उतरल्याबरोबर मोठा लिंब होता, मोहराचा कडवट वास, गार सावली. मी माहेरी निरोप धाडला होता की आई, त्याच लिंबाखाली भेट. गुलमंडीच्या बाजारातल्या नव्या बांगड्या तिला दाखवायच्या होत्या.

"इथं लई मुंग्या हायेत," मामंजी म्हणाले. पुढं धूर, त्याच्यापुढं चिखल. आमचे हे "व्हय बाबा, व्हय बाबा" करत बैल हाकत राहिले. सासऱ्यांपुढं मला तोंड उघडता येईना. पदराआड नुसते दातओठ खाल्ले. शेवटी गाडी सुटली ती पार लांब, उकिरड्याशेजारी.

आई लिंबाखाली दिवस मावळेपर्यंत बसून परत गेली, हे मला दिवाळीला कळलं.

"आजी, तू तरी सांग की!" नात म्हणाली.

चित्रं न बघताच मी म्हणाले, "बोटीतून उतरल्याबरोबर जी जागा लागते, तीच धर."