एका तासाची पाळी

माझ्या धाकट्या दिराइतका कामसू माणूस मी अख्ख्या मुंबईत पाहिला नाही, आणि त्याच्याइतका डोक्याला ताप देणाराही नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा तो हाफ चड्डीत होता, म्हणून तोंडावर भावोजी म्हणत असले तरी इथे अरे-तुरेच लिहिणार. गिरणीत साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या यंत्रावर, त्याने बावीस वर्षं काढली. त्यात एक खाडा नाही. स्वतःच्या लग्नालासुद्धा तो पहिली पाळी संपवून आला. केसांत कापूस तसाच होता. साच्यांच्या खडखडाटाने कान अर्धे गेलेले, त्यामुळे मंगलाष्टकं चालू असताना अंतरपाटाआडून भटजींवर ओरडला, "मोठ्यान म्हणा, ऐकाक येना नाय!" भटजी घाबरून दोन ओळी विसरले. ते लग्न पूर्ण लागलं की नाही, याची मला अजून शंका आहे.

मग गिरणी बंद पडली. आम्ही परळची खोली सोडून चारकोपच्या सेक्टरातल्या बैठ्या घरात आलो. दोघे भाऊ, दोघी जावा, एक घर. आल्या दिवशी हा भिंतीकडे तोंड करून बसला तो आठ महिने बसला. जेवण म्हणजे दोन घास. बोलणं म्हणजे "हं". मला तो आळस वाटला, आणि मला वाटलेलं माझ्या पोटात राहत नाही. म्हटलं, "भावोजी, भिंत नवी आहे, पडणार नाही. धरून बसू नका." तो हसला नाही आणि चिडलाही नाही. तेव्हा मात्र मी घाबरले. माझी जाऊ त्याला एकटं सोडून नळावरसुद्धा जाईना. एकदाच बोलली, भांडी घासता घासता, "अक्का, हे जिवाचं बरंवाईट करून घेतील." मी म्हटलं, "घास ती भांडी." दुसऱ्या दिवशी दोघींनी त्याला धरून दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण शहाण्या निघाल्या. म्हणाल्या, हा मनाचा आजार आहे, आळस नाही. हे सांगताना त्यांनी माझ्याकडे का पाहिलं कोण जाणे. गोळ्या दिल्या, दर पंधरवड्याला यायला सांगितलं, आणि म्हणाल्या, "काका, रोज सकाळी सहा ते सात चालायचं, बैठका काढायच्या. घाम आला पाहिजे." आठ महिन्यांत पहिल्यांदा हा माणूस पुरतं वाक्य बोलला. "एका तासाची पाळी खंयच्या गिरणीत असता?" बाईंना वाटलं, नकार देतोय. तो नकार नव्हता, चौकशी होती. घरी आल्यावर त्याने तो कागद चारदा वाचला आणि मला म्हणाला, "वयनी, भोंगो कोण देतलो?"

भोंगा मी झाले. पावणेसहाला परात दाराला टांगून तिच्यावर झारा हाणायचा. पहिल्या दिवशी आमच्या घरांची अख्खी रांग बाहेर पळत आली. आठवड्याने तीच रांग परातीवर घड्याळं लावू लागली. हजेरीही माझ्याकडेच आली. मी चौथी पास, पण बरोबरची खूण मला उत्तम जमते. हा खाकी शर्ट घालायचा, जेवणाचा डबा घेऊन उंबरा ओलांडायचा आणि तासाभराने तोच डबा घेऊन परत यायचा. डबा रिकामा असायचा. जातानाही रिकामाच असायचा. बैठका काढण्याआधी शिवणयंत्राच्या तेलाच्या बुधलीने गुडघ्यांना खोबरेल घालायचा, दोन थेंब डावीकडे, दोन उजवीकडे, आणि गुडघा वाकवून कान देऊन आवाज ऐकायचा. रविवारी भोंगा वाजवला तर चिडायचा. "डॉक्टरांनी रोज सांगितलंय," म्हटलं तर म्हणे, "डॉक्टर मालक आसत की काय? सुटी कायद्यान आसा."

आणि चालायचा कसा? घरासमोर आठ पावलं पुढे, गर्रकन वळायचं, आठ पावलं मागे. चार साचे सांभाळणारा विणकर दोन बाजूंच्या साच्यांमधून असाच फेऱ्या घालतो. हा डावीकडे गटाराकडे बघायचा, उजवीकडे आमच्या तुळशीकडे, आणि मध्येच वाकून हवेत गाठ मारायचा. शेजारीण मला म्हणाली, "काय हरवलंय गं यांचं?" मी म्हटलं, "धागा तुटलाय. तुला दिसत नाही?" ती बिचारी वाकून शोधायला लागली.

दोन महिने बरे गेले. चार घास खायला लागला. मग एका सोमवारी परात वाजली आणि हा उठलाच नाही. पुन्हा भिंत. मंगळवारी तेच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असं होतं, चढउतार असतो, चालणं सोडू नका. सांगायला काय जातं? बुधवारी जाऊ रडवेली झाली. मी त्याच्यासमोर हजेरीचा कागद धरला. "दोन खाडे लागले. बावीस वर्षांत नाही लागले ते." तो भिंतीलाच म्हणाला, "माका जमाचा नाय. बदली पाठवा."

गिरणीत हीच रीत. कायमचा कामगार आला नाही की त्याच्या साच्यावर बदली कामगार उभा करतात. पण दुसऱ्याचा व्यायाम बदलीने करायची कल्पना आमच्याच घरात निघू शकते. "कोण आहे बदली?" मी विचारलं. जावेने माझ्याकडे पाहिलं. म्हणून मी, साठीला आलेली बाई, नऊवारीचा काष्टा घट्ट करून, हातात रिकामा डबा घेऊन, घरासमोर आठ पावलं पुढे आणि आठ मागे करू लागले. शेजारणीने नवऱ्याला उठवून आणलं बघायला.

पाचव्या फेरीला आतून आवाज आला, "वयनी, डावीकडे बघा!" मी बघितलं. गटार होतं. "साचो बंद पडलो तुमचो! वळतास कशा? बैल वळता तशा!" मी म्हटलं, "बदलीला एवढंच येतं. पटत नसेल तर मालकाला सांगा." हा बनियनवरच बाहेर आला, माझ्या हातातला डबा हिसकावला आणि म्हणाला, "बाजूक व्हा. कापडाची वाट लावलास." लोक म्हणतात, अक्काने मुद्दाम चुकीचं चालून त्याला उठवलं. खोटं आहे. मला खरंच वळता येत नव्हतं.

त्यानंतर खाडा नाही. पुढे दीडेक महिन्याने एका सकाळी आठ पावलं झाली आणि हा वळला नाही. सरळ गेला. रांग संपली, नाका आला, हा दिसेनासा झाला. पलीकडे खाडी. जाऊ माझा दंड धरून उभी राहिली. तिची नखं रुतत होती. सात वाजले, साडेसात वाजले. आठला हा आला, घामाने निथळत, हातात कागदात बांधलेले बोंबील. "तिखला कर," बायकोला म्हणाला, "आणि भाकरी चार कर. भूक लागली." मी म्हटलं, "पाळी सातला संपते." तो म्हणाला, "ओव्हरटाइम, वयनी." आणि भिंतीला पाठ टेकून पाय पसरून बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगण झाडत होते. जावेने तांदळाच्या डब्यात तळापर्यंत हात घातला आणि कपडे वाळत घालायची दोरी बाहेर काढली. ती दोरी नाहीशी झाली म्हणून इतके महिने मी शेजारणीला चोर म्हणत होते आणि ओले कपडे कुंपणावर टाकत होते. जावेने खुर्चीवर चढून दोरी दोन खिळ्यांना ताणून बांधली आणि त्याचे घामेजलेले, धुतलेले तीन बनियन तिच्यावर घातले. तिचा हात पुरत नव्हता, म्हणून मी खुर्ची धरून उभी राहिले, एवढंच.