केवळरामनं कापलेला पडदा

आमगावच्या केवळरामकडून मंडप घेतला की मुलीच्या बापानं निम्मी काळजी सोडावी आणि उरलेली केवळरामच्या तब्येतीची करावी. कापडाला खिळ्याएवढं भोक पडलं तरी या माणसाला जेवण जात नाही.

अशा माणसाला पाखरांचं वेड लागलं. दिव्यावर येणारी पाखरं, म्हणजे पतंग, ज्यांना बाकीचं जग चपलेनं मारतं. दर उन्हाळ्यात परीक्षा संपल्या की कॉलेजातली काही मुलंमुली त्याच्या गाडीतून जंगलाकाठी मुक्कामाला निघतात. मार्क नाहीत, सर्टिफिकेट नाही, सोबत प्राध्यापकही नाही. राहुट्या लग्नाच्या लाल-पिवळ्या कनातीच्या, चहाला वऱ्हाडाची किटली. अंधार पडला की पांढऱ्या कापडावर उजेड सोडायचा आणि येईल त्या पाखराचं नाव शोधायचं. नाव सापडलं की केवळराम असा फुगतो, जणू बारशाला आत्या म्हणून तोच बसला होता.

यंदा मुक्काम केशोरीच्या तलावाच्या पाळीवर पडला. दुसऱ्या दिवशी त्याच गावात दुधरामच्या मुलीचं लग्न होतं, सामान तिकडं न्यायचंच होतं. पाखरांसाठीची जुनी चादर उघडली तर रश्श्याच्या डागांनी भरलेली. केवळरामनं सरळ नवरा-नवरीच्या मागं लावायचा कोरा पडदा झाडाला बांधला. "पाहुणे येऊन राहिले, चांगलं नको काय?"

सकाळी रुची नावाची विद्यार्थिनी किंचाळली, "काका, हात नका लावू!"

पडद्याच्या मधोमध तळहाताएवढं, फिकट हिरवं, लांब शेपट्यांचं पाखरू बसलं होतं. शेजारी बारीक अंडी, कापडाला घट्ट चिकटलेली. हे पाखरू सगळ्यांनी फोटोत पाहिलं होतं. त्याची अंडी कुणीच नाही.

"सोलून काढ," केवळराम म्हणाला.

"फुटतील, काका. आजवर नुसते फोटोच काढले आपण. यातून अळ्या निघाल्या तर पाखरू होईपर्यंत पाहता येईल. पडदा असाच ठेवू ना."

"अन् दुधरामच्या पोरीमागं काय तुले बांधू?"

रुची हसली नाही. कुणीच हसलं नाही. केवळरामनं पडद्याभोवती दोन चकरा मारल्या, कपाळाचा घाम पुसला.

"कैची आन."

"काका, नवा पडदा आहे!"

"मले सांगून रायली? मीच आणला."

त्यानं स्वतः कापला. डोळे मात्र तलावाकडं ठेवले.

मांडवात दुधराम कडाडला, "केवळराम! नवरीच्या मागं खिडकी काऊन केली बे?"

फुलांची माळ सोडली असती तर भोक झाकलं असतं. माळ केवळरामच्या हातातच होती. त्यानं ती खाली ठेवली.

"पाखराची अंडी होती तिथं. मी कापला. ते पाहा, पोरीनं डब्यात ठेवली."

"पाखरासाठी? लग्नाचा पडदा?"

"हो."

दुधराम तणतणत रुचीकडं गेला. डब्यात डोकावला. खिशातून चष्मा काढून पुन्हा डोकावला. रुचीनं त्याला मोबाइलवर पाखराचा फोटो दाखवला. "एवढुशी? अन् हे पाखरू हातभर होते?"

"तळहाताएवढं," रुची म्हणाली.

"पाव्हणे, जरा इकडं या!" दुधरामनं नवऱ्या मुलाच्या बापालाच हाक मारली. मुहूर्त टळतो म्हणून भटजी ओरडत होते, आणि डब्याभोवती वऱ्हाड गोळा झालं होतं.

"कोणाले सापडली जी?" व्याह्यांनी विचारलं.

केवळराम गर्दीतून वाट काढत पुढं आला.

"आमच्या पोरायले," तो म्हणाला, इतक्या मोठ्यानं की बँडवालेही थांबले.