हवानी गायनी

आधीच सांगतो, मी कारणं शोधण्याचा पगार घेणारा माणूस आहे. सुरतेत पांडेसऱ्याच्या एका डाईंग मिलमध्ये शेड मॅचिंगला आहे. कापडाचा रंग सँपलपेक्षा जरा फिका उतरला की पाणी, तापमान, केमिकल यांत चूक कुठे झाली ते मला सांगावं लागतं. 'बाहेरचं काहीतरी असेल' असं म्हणालो तर शेठ मलाच बाहेर काढेल. त्यामुळे अशा ग्रुपवरचे गूढ अनुभव मी आजवर चहासोबत करमणूक म्हणून वाचत आलो... आता स्वतःच लिहायला बसलोय, हसा खुशाल.

आम्ही मूळचे खानदेशातल्या शिरपूरकडचे, राहायला डिंडोलीत. घरात आबा म्हणजे माझे वडील, आई, मी आणि काकू. काकू म्हणजे आबांच्या थोरल्या भावाची बायको. काकाची पांढरी पद्मिनी गाडी आमच्या सोसायटीच्या भिंतीला लागून उभी असते. काका ती भाड्याने चालवायचा. एअर फिल्टरला तो 'हवानी गायनी' म्हणायचा. आमच्या अहिराणीत 'ळ'चा 'य' होतो, म्हणजे गाळणीची गायनी. मी शाळेत शुद्ध मराठी शिकत होतो, त्यामुळे मला शिंगं फुटली होती. मी चिडवायचो, "काका, गाडीला गायनाचा क्लास लावला का?" तोही हसायचा.

मी आठवीत असताना काका त्या गायनीसाठीच सचिनला, म्हणजे सुरतेबाहेरच्या कारखान्यांच्या वस्तीत, जाऊन येतो म्हणून निघाला. गाडी बंद, म्हणून बसने गेला. परत आला नाही. पोलीस, दवाखाने, गावाकडचे सोयरे... सगळीकडे विचारून झालं, काही कळलं नाही. काकूने कुंकू पुसलं नाही आणि गाडी विकू दिली नाही.

आता कानबाईचं सांगतो, कारण खरी गोष्ट तिथे आहे. श्रावणात खानदेशी घरांत कानबाई देवी बसते, तशी सुरतेतही बसते. तिच्या नैवेद्याच्या रोटांसाठी, म्हणजे जाड पोळ्यांसाठी, गहू मोजायची आमच्या घरची रीत अशी, की घरातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ. आणि रोट खायचा तो फक्त भाऊबंदांनी. शेजारी कितीही जिव्हाळ्याचा असला तरी त्याला कण मिळत नाही. काका नाहीसा झाल्यावरही काकू दर वर्षी त्याची मूठ घालायची आणि त्याच्या वाट्याचा रोट स्वतः संपवायची.

यंदा सकाळी गहू मोजताना आबा म्हणाले, "वैनी, आते बस. दादानी मूठ नको."

आबा वाईट माणूस नाहीत. जो नाही त्याचा रोट करू नये, असं गावाकडच्या जाणत्यांनी त्यांच्या मनात भरवलं होतं. काकूचा हात परातीवर तसाच थांबला, मग तिने गहू परत डब्यात सोडले. मूठ नाही म्हणजे माणूस नाही, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. इतकी वर्षं ती ज्याच्या नावाने कुंकू लावत होती, तो त्या सकाळी आमच्या स्वयंपाकघरात मेला. मला फार वाईट वाटलं, पण आबांपुढे बोलायची माझी हिंमत झाली नाही.

काकू एवढंच म्हणाली, "मंग गाडी बी ईकी टाका. पन कानबाईना इसर्जनले माले तिन्हामाच लई जाय."

गाडीला गिऱ्हाईक आधीपासूनच होतं, आणि काकू कधीतरी मानेल या आशेवर मी गाडी चालू करायच्या मागे होतो. अडाजणचा एक शेठ जुन्या गाड्या जमवतो. त्याची अट होती, गाडी चालू पाहिजे आणि सगळं जुन्यासारखं पाहिजे. पण ती स्टार्ट झाली की काळा धूर ओकून बंद पडायची. फिल्टर उघडला तर कागदाच्या घड्यांमध्ये मिलच्या चिमण्यांची राख आणि कापडाचा रुवा गच्च बसलेला. झटकायला गेलो तर हातातच फाटला. फिल्टरशिवाय गाडी चालते, पण आमच्या इथल्या हवेत तसं चालवणं म्हणजे इंजिनला राखेचा फक्का मारायला लावणं.

गहू मोजायच्या आधीचा अख्खा आठवडा मी फिल्टरमागेच होतो. ऑनलाइन मागवला तो डब्यात बसेना. दुसऱ्या गाडीचा आणला तो इतका उंच की झाकण लागेना. उधन्याच्या मेकॅनिकने सरळ हात वर केले, "नहीं मळे, भाई. नवुं कोन फिल्टर नाखी दउं, पिकअप पण वधशे." तो बसवला असता तर गाडी पळाली असती, पण शेठने तो चकचकीत कोन पाहून तोंड फिरवलं असतं. शेवटी मेकॅनिकनेच सुचवलं, सचिनला भंगारवाल्यांकडे बघ.

त्या सकाळी गहू मोजून झाले आणि मी तसाच बाईकवर निघालो. थेट सचिन, मध्ये कुठे थांबलो नाही, कुणाला फोन नाही. सकाळच्या बोलण्याचं आम्हा चौघांपलीकडे कुणालाच माहीत नव्हतं.

भंगारच्या पहिल्या दुकानात विचारलं. मालकाने मोबाईलवरून मान वर न करता नाही म्हटलं. मी वळलो, तर मागे टायरच्या ढिगाजवळ एक माणूस उभा. धुळीसाठी तोंडाला रुमाल गुंडाळलेला... तिथे सगळेच तसे असतात.

"हवानी गायनी जोयजे ना तुले?" तो म्हणाला.

मला हसूच आलं. सुरतेत खानदेशी काय कमी आहेत! तो आत गेला आणि पिवळ्या पडलेल्या खोक्यात एक कोरा फिल्टर घेऊन आला. मी किंमत विचारली तर त्याने नको म्हणून मान हलवली. मी खोकं उघडून बघत असताना तो म्हणाला, "यंदा मन्ही मूठ काबर नही लिन्ही?"

माझी मूठ यंदा का नाही घेतली. रागाने नाही. भाजीत मीठ का कमी पडलं असं घरातला माणूस विचारतो, तसं.

मी वर बघितलं तेव्हा तो ढिगापलीकडे गेलेला. मागे गेलो, तिथे नुसती भिंत. आवाज ओळखीचा होता असं मी म्हणणार नाही. इतक्या वर्षांत काकाचा आवाज मी विसरलोय, हे खरं आहे. मालकाला विचारलं, तो माणूस कोण?

"वो? तुम्हारी बाईक के पीछे से तो उतरा था," तो म्हणाला. "मैं समझा, तुम्हारे घर का है."

घरी आलो तेव्हा गहू अजून चक्कीवर गेले नव्हते. मी सगळं सांगितलं, जसं इथे लिहिलंय तसंच. काकूने एकच विचारलं, "रागमा व्हतात का?"

"नाही," मी म्हणालो.

आबा उठले, त्यांनीच डबा आणला आणि काकूपुढे धरला. तिने मूठ भरून घातली, वर पाव मूठ घातली. आबा लहान मुलासारखे रडले.

फिल्टर डब्यात चपखल बसला. विसर्जनाला पद्मिनी गर्दीतून पहिल्या गिअरमध्ये गेली, एकदाही बंद पडली नाही. अडाजणच्या शेठला मी नकार कळवला. काकाच्या वाट्याचा रोट नेहमीसारखा काकूने खाल्ला.

मी कारणं शोधली, सवयच आहे. मालकाची बघण्यात चूक झाली असेल. तो माणूस कुणी चेष्टेखोर खानदेशी असेल. पण मुठीचं त्याला कसं कळलं? त्या दुकानात मी पुन्हा गेलेलो नाही.

पण जावं लागणार. या हवेत कागदाचा फिल्टर किती टिकणार? तो आताच काळवंडायला लागलाय. परवा काकूला म्हटलं, काकू, सचिनला जाऊन यावं लागेल, तूही बाईकवर चल. ती तांदूळ निवडत होती.

"मी नही येत," ती म्हणाली. "तू एकलाच जाय. मांगनी सीट रिकामी ऱ्हाऊ दे... आनि येतांना हयू हयू ये."